त्सान्दीला

आमच्या भाषेत त्सान्दीला म्हणजे
दही टांगायचं विरळ विणीचं फडकं,
आणि त्सान्दीला म्हणजेच
नाकाच्या शेंड्यावर येऊन बसलेला राग.
एकाच शब्दात दोन्ही कुणी कोंबलं, ठाऊक नाही.
पण तो माणूस माझ्या बहिणीला ओळखत असणार.

मार्च संपत आलेला. दरड कोसळून घाट बंद.
दुकानाला कुलूप लावून लाम्ब्रोस
खाली यानिनाला, लेकीकडे अडकलेला.
आणि झीसीस मेंढपाळानं दारात ठेवलेलं
चार लिटर दूध, अजून कोमट, लोकरीच्या वासाचं.

उकळलं. निवत ठेवलं. मग करंगळी बुडवून
दहापर्यंत मोजायचं. दहा सोसले, की दूध तयार.
आईचा थर्मामीटर हाच, आणि तो फुटत नाही.
विरजण कालवलं, घोंगडीत गुंडाळून
पातेलं पलंगावर निजवलं, नवऱ्याच्या रिकाम्या बाजूला.
पहाटे झाकण काढलं तर
दूध आपलं दूधच.
पातेलं हलवलं की तेही हलायचं, निर्लज्जासारखं.

विरजणावरच विरजण पडलं म्हणायचं!
घरातला शेवटचा चमचा त्यात गेलेला.

आता गावात विरजण एकाच घरी.
चिंचोळ्या गल्लीपलीकडे, निळ्या दाराच्या आत,
एव्हान्थिया.
अकरा वर्षं आम्ही बोललो नाही,
बांधावरच्या अक्रोडावरून.
बुंधा तिच्या बाजूला, फळं पडायची माझ्या.
वकिलानं दोघींकडून पैसे घेतले
आणि झाड होतं तिथंच राहिलं.

पण विरजण आईचंच ना, दोन्ही घरांत?
लग्नात मला एक वाटी मिळाली, तिला एक.
माझं मेलं तर तिचं जिवंत आहे,
एवढं तरी तिनं केलं असेल.

शेजारच्या फोतीसला धाडलं. नऊ वर्षांचा पोरगा,
सांगितलेलं अर्धं विसरतो, न सांगितलेलं नेमकं आणतो.
परतला तो बशीनं झाकलेला पेला घेऊन.
"म्हणाली, दूध फार कढत होतं.
म्हणाली, स्तामातिया लहानपणापासून
दहा आकडे भरभर मोजते."

त्सान्दीला!
मी काही बोलले नाही. फडकंच हातात घेतलं.

दुसऱ्या खेपेला मोजलं सावकाश.
सातवर थांबले, श्वास घेतला. आठ.
कोण बघतंय?

लागलं. सुरी उभी राहील असं लागलं.
मग फडक्यात ओतून, चार टोकांची गाठ मारून
नळाला टांगलं, खाली परात.
रात्रभर टप्... टप्.
झोप नव्हतीच. पडल्या पडल्या आठवत राहिले
की खटल्याच्या दिवशी ती नेमकं काय म्हणाली होती.
पूर्वी शब्दन्‌शब्द पाठ होता.
आता तिचा ओला कोट तेवढा आठवतो,
आणि बसमध्ये आम्ही दोन टोकांना बसलो होतो ते.
टप्.
निवळी हिरवट, जराशी आंबट. तिच्यात उद्या पीठ भिजवीन.

सकाळी गाठ सोडली.
चार लिटरचं उरलं होतं दोन मुठींएवढं,
फडक्याची वीण अंगावर उमटलेलं, जड, पांढरं.
बोटानं चाखलं. आईचंच.

दुसऱ्याचा पेला रिकामा परत करू नये.
भरला. वर मध सोडला.
अक्रोड घालावे की नाही, यात बराच वेळ गेला.
घातले. त्याच झाडाचे, मुद्दाम.

फोतीस धापा टाकत आला.
"काय म्हणाली?"
"म्हणाली, अक्रोड चांगले आहेत.
असणारच म्हणाली, तिचेच आहेत ना."
"आणि दही?"
"पेला बोटानं पुसून खाल्ला, माझ्यासमोर.
आणि म्हणाली, यंदा तिच्या अंगणात काहीच पडले नाहीत."

फडकं गरम पाण्यात धुतलं,
खिडकीच्या तारेवर टाकलं, गल्लीच्याच बाजूनं.
थंडी आहे. वाळायला वेळ लागेल.