मूळ टेपवरून

चौथ्यांदा घेतली मी तीच रेकॉर्ड.
डनीडनच्या त्या चढावरच्या दुकानात
पैसे मोजताना लायल माझ्याकडे पाहत नाही,
दारुड्याला बाटली देणारा पाहत नाही तसा.

वेष्टनावर सोनेरी स्टिकर:
‘मूळ टेपवरून. नव्याने. प्रेमपूर्वक.’
प्रेमपूर्वक!
रोवीना टेटची झाली आहे रोवेना टेड.
ड्रमवाला फर्गस म्हणून ज्याचा फोटो छापलाय
तो त्यांची व्हॅन चालवायचा,
त्याला साधी टाळी तालात वाजवता यायची नाही.
दुसरी बाजू पहिलीच्या जागी,
आणि शेवटचं गाणं, जे विझत विझत जायचं
धक्क्यावरच्या दिव्यासारखं,
ते अकरा सेकंद आधीच तोडलंय,
कुणाची तरी जेवायची वेळ झाली असावी.

मागच्या खेपेला त्यांनी कुत्रं काढलं होतं.
त्र्याऐंशीचा जुलै, चर्चमागचा हॉल,
एकच हीटर, तोही ड्रमच्या पायाशी.
तिसऱ्या गाण्यात रोवीना श्वास घ्यायला थांबते
तेवढ्यात बाहेर एक कुत्रं भुंकतं. दोनदा.
आम्ही ते गाणं कुत्र्यासकट पाठ केलं होतं.
कार्यक्रमात त्या जागेवर
अख्खा हॉल भुंकायचा.
लंडनमध्ये काचेच्या खोलीत बसून
कुणीतरी ते पुसलं, मेजावरचा डाग पुसावा तसं.
मी पत्र लिहिलं: आमचं कुत्रं परत द्या.
उत्तर आलं: प्रिय ग्राहक, आपला अभिप्राय मोलाचा आहे.

त्याच्या आधीच्या खेपेला आवाज इतका चढवलेला
की कुजबुजसुद्धा अंगावर धावून यायची.
सूप अळणी लागलं म्हणून
मिठाची बरणीच उपडी केली, मॉर्ना म्हणाली होती.

आज असती तर म्हणाली असती,
पुरे, अँगस. दुकानात परत दे, पैसे घे, बूट घे.
बूट फाटलेत, हे खरं.

पण यावेळी कुत्रं परत आलं होतं.
दोनदा, नीट, आपल्या जागी.
मी खुर्चीत सरळ बसलो.
वाटलं, पत्र वाचलं कुणीतरी.

मग चौथं गाणं. दोन मिनिटं चौदा सेकंद.
टक्.
उठलो, सुई पुसली. धूळ असेल.
टक्.
तिथंच, रोवीना ‘बंदर’ म्हणते
त्या शब्दाच्या ऐन पोटात.

ही टक् मला ठाऊक आहे.
सत्त्याऐंशी साल, आठवा महिना,
मॉर्ना स्वयंपाकघरात नाचत होती, हातात पळी,
पोट किती पुढे आलंय याचा तिला अंदाज नव्हता.
मेजाला धक्का. सुई उडाली.
तिनं तोंडावर हात ठेवला,
आणि मी, काय सांगू,
रेकॉर्डसाठी दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीचा एक पोरगा
ती माझी पहिली प्रत मागून घेऊन गेला.
वेष्टनाचा फोटो काढायचाय, म्हणाला.
आठवड्यानं परत दिली, वर बिस्किटांचा डबा.
बिस्किटं चांगली होती.

म्हणजे टेप नाहीच त्यांच्याकडे.
हरवली, बुरशी लागली, कुणाच्या गॅरेजमधून कचऱ्यात गेली.
मूळ म्हणजे आमचं डुगडुगणारं मेज.
पत्रही कुणी वाचलेलं नाही.

तीन हजार प्रती छापल्यात म्हणे.
ओसाकात, ग्लासगोत, कुठल्या कुठल्या खोल्यांत
न पाहिलेली माणसं सुई पुसत असतील
आणि मॉर्ना पुन्हा मेजाला धडकत असेल.

रात्री तक्रार लिहायला बसलो.
रोवीनाचं नाव लिहिलं. व्हॅनवाल्याचा फोटो लिहिला.
अकरा सेकंद लिहिले, खाली रेघ मारून.
टक् लिहिली नाही.
सांगितलं तर पुसतील.

सकाळी लायलला फोन केला:
अजून एक ठेव बाजूला, आयोनासाठी.
अरे, काल तर शिव्या घालत होतास, तो म्हणाला.
घालतोच आहे, मी म्हटलं.
ठेव.