झरबेरी

चार किलो झरबेरी होती, नातवाच्या बोरन्हाणाला आणलेली.
धुक्यानं गाडी रद्द झाली. मग त्यांची रजाही संपली,
आणि नीरजाचा फोन आला, आई, इथेच उरकलं गं,
चॉकलेटं ओतली त्याच्या डोक्यावर.
बरं झालं, म्हटलं.
चॉकलेटला बी नसते.

कमोदीबाई येते घाटीगावाकडून, पहिल्या बसनं.
छावणीत औषधाच्या दुकानाच्या पायरीशी बसते.
तिच्याकडे तराजू नाही, चेपका टिनाचा डबा आहे,
वर एक मूठ, तिच्या मनात असेल तेवढी.
हात कोपरापर्यंत ओरखडलेले.
या बोरांना माळी नसतो, कुंपण नसतं,
झुडूपच स्वतःचं कुंपण.

बत्तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलं मी,
तेव्हा जॅम म्हणजे काय, एक प्रयोग.
वहीत समास आखला. फळ, पाणी, साखर समभाग.
लिंबं दोन. तापमान एकशे चार.
बोरं शिजली, फुटली, रटरटली,
घरभर आंबूस, मातकट वास,
शाळेबाहेर पुडीत मिळायचा तोच.
मग चाळणीवर पळीच्या पाठीनं रगडत राहिले.
खांदा भरून आला तेव्हा खाली वाटीभर गर
आणि वर बियांचा डोंगर.
हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले,
एवढ्या बियांत फळ कुठं सापडलं तुला?

स्टीलची बशी फ्रीजमध्ये गार करून ठेवली होती.
तिच्यावर थेंब टाकायचा, बोटानं ढकलायचा,
सुरकुती पडली की झालं.
पहिला थेंब पळाला.
दुसरा विचार करत राहिला.
पाचव्याला सुरकुती पडली, बारीकशी,
आणि मी एकटीच स्वयंपाकघरात म्हणाले, शाब्बास.
काताच्या रंगाच्या सहा बरण्या. वर चिकटपट्टी, वर अक्षर,
बोराचा जॅम, पौष, लश्कर.

दुसऱ्या दिवशी एक बरणी तिला नेली.
तिनं झाकण हुंगलं, बोट घातलं, चाटलं.
जिभेवर बराच वेळ फिरवलं, जणू आत काही हरवलंय.
"मीठो तो भौत है," म्हणाली,
"बेर कहाँ गओ?"
उत्तर नव्हतं माझ्याकडे.
तिनं पुढचं विचारलं, गुठली कहाँ डारी?
ती म्हणे फोडून आतली गिरी खातात,
पोरं दगड घेऊन बसतात दुपारभर.
आहे ना, ठेवलीय, म्हटलं मी.
धडधडीत खोटं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.

घरी आले तर कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी.
बादली दोन्ही हातांनी अडवली,
चहाच्या चोथ्यातून, मटारच्या टरफलांतून
बिया निवडल्या एकेक.
हे दारात उभे. काही विचारलं नाही,
एवढं शहाणपण आलंय त्यांना.
तीन पाण्यांनी धुतल्या, गच्चीवर सुकवल्या.
ऊन जेमतेमच, किल्लाही दिसत नव्हता दुपारपर्यंत.

पुन्हा दोन डबे बोरं आणली मग.
साखर निम्मी. लिंबू नाही. थोड्या साली तशाच राहू दिल्या.
बशीवरचा थेंब पळतच राहिला,
सातव्यांदाही पळाला,
तेव्हा गॅस बंद केला.
घट्ट झालंच नाही ते. चमचा उभा राहत नाही त्यात,
पोळीवरून मनगटापर्यंत ओघळतं,
टिकेल आठवडा, फार तर दहा दिवस.
पण दात आंबतात. घशाशी किंचित तुरट लागतं,
आणि मधेच एखादी साल दाताखाली येते.

बिया तिच्या फडक्यात ओतल्या. तिनं वजन हातानंच केलं.
नवी बरणी उघडून बोट बुडवलं,
काही बोलली नाही, फक्त परत बुडवलं.
मग माझ्या पिशवीत एक मूठ बोरं टाकली,
डब्याबाहेरची.

घरी येऊन चिकटपट्टीवर जॅम लिहिलं, खोडलं.
वहीतलं एकशे चारही खोडलं.
दुसरं नाव सुचेना,
नुसती तारीख घातली.