तिऱ्हाईताचा विमा

बिराजदार सरांची ओम्नी एक लाख दहाला घेतली,
निम्मे रोख, निम्मे दिवाळीपर्यंत.
मागच्या काचेवर लिहिलंय 'आईबापाची पुण्याई'.
खरवडायला गेले तर सर म्हणाले, राहू द्या की, लकी आहे.
राहू दिलं. कुणाची का असेना.

लायसन निघून अकरा दिवस झालेत.
फोटोत डोळे अर्धे मिटलेले,
नाव दिलमाया रोकाया,
पत्ता भाडेकराराच्या मुदतीएवढाच खरा.

पहिल्या हापिसात एसी होता आणि आकडा आठ हजार सहाशे.
दुसऱ्यातलं पोरगं मोबाईलमधून मान न काढता म्हणालं,
नवीन लायसन, जुनी गाडी, त्यात तुम्ही बाहेरच्या.
तीन बोटं मोडली त्यानं. चौथं मोडायच्या आत मी उठले.
तिसरा म्हणाला, हप्त्यानं भरा.
आमच्या जुमल्यात हप्ता म्हणजे सात दिवस, बाकी काही नाही.
इथं कळलं, हप्ता फ्रीजचा असतो, गाडीचा असतो,
आणि मोमोचा गाडा लावायचा तर दर शनिवारी एक जण
प्लेट संपवून, हात पुसून, तोही नेतो.

चौथे गुरलिंग आप्पा. त्यांचं टेबल झेरॉक्सच्या दुकानात,
मशीन आणि भिंत यांच्या मधल्या फटीत.
त्यांची नात माझ्याकडं लाल चटणी ज्यादा मागते,
म्हणून स्टूल पुसून दिलं.

"पहिल्या मालकाला पन्नास टक्के बोनस हाय.
पाच वर्षं गाडीला ओरखडा न्हाई."
मग तो मला?
"बोनस गाडीचा नसतो ताई, माणसाचा असतो.
सरांचा सरांजवळच ऱ्हातो. तुमचं मीटर शून्यावरनं."

शून्य.
माझ्या बापानं तीस वर्षं खेचरं हाकली
कर्णालीच्या कड्यावरून, मिठाची, तांदळाची.
एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली नुसता आवाज.
दहाव्या वर्षापासून शेवटच्या खेचरामागं मी.
एकही ओझं नदीला दिलं नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू, आप्पा?
आप्पांनी फॉर्म उलटा करून पाहिला.
मागची बाजू कोरी होती,
पण तिथं लिहीत नाहीत म्हणाले.

"अडीच हजारांच्या आत बसवतो. फकस्त थर्ड पार्टी."
म्हणजे?
"म्हणजे तुमची गाडी चेपली तर तुमची तुम्ही.
तुमच्या हातनं दुसऱ्या कुणाला लागलं, तर कंपनी.
मराठीत तिऱ्हाईत म्हणत्यात.
ज्याची वळख ना पाळख, त्यो."

हा शब्द मला नवा नव्हता.
खोली शोधताना भिंतीपलीकडून ऐकला होता:
तिऱ्हाईताला कशाला द्यायची.
आज त्याच शब्दासाठी मी नोटा मोजल्या,
वाफेनं मऊ पडलेल्या,
आणि आप्पांनी शिक्क्यावर फुंकर मारून तो दाबला.

रात्री साडेदहाला, गाडा झाकून, डेग मागं टाकून
गंजगोलाईत आले. सोळा रस्ते.
कोण कुठून घुसेल हे त्यालाही ठाऊक नसतं.
एक टेम्पो कचकन थांबला, माझ्यापासून हातभर.
ड्रायव्हरनं शिवी दिली,
मग हातानंच म्हटलं, जा.

तेव्हा डोक्यात आलं,
त्याच्याही गाडीत तसलाच कागद असणार.
त्यातला तिऱ्हाईत कोण?
मी.
त्या रिक्षात मी आहे, त्या बुलेटच्या सीटखाली,
एसीवाल्या हापिसातल्या साहेबांच्या मोटारीतसुद्धा.
नाव न घेता अख्ख्या लातूरनं माझे पैसे भरलेत,
दरसाल, मी यायच्या आधीपासून.

मागून हॉर्न.
दुसरा गिअर टाकायला गेले, चौथा पडला,
ओम्नी दोनदा खोकली आणि बंद.
सोळाही रस्ते वाजायला लागले.