पाठपुरावा

दर गुरुवारी साडेनऊला हेल्दुर येतो,
ओव्हरकोटावरचा बर्फ दाराबाहेरच झटकून.
वय एकाहत्तर, सहभागी क्रमांक सतरा.
तीस वर्षं तार्तू–वाल्गा बस चालवलेला
नाकासमोर चालणारा माणूस.

शिंका? "नाही."
घशात कडवटपणा? "थोडा. कॉफीनं जातो."
वासात काही फरक?
"शेजारीण धुरावर मासे भाजते, ते अजून कळतं."
मी चौकटींत खुणा करत जाते. सौम्य. सौम्य. नाही.
घोळणा फुटला कधी?
"नाही," तो म्हणतो, खिडकीबाहेरच्या नदीला.

डायरी चाळताना, बाराव्या पानावर,
तारखेच्या जरा खाली
तपकिरी ठिपका. वाळलेला, मसुराएवढा.
खोडरबरानं घासलाय,
कागद तिथं विरत आलाय.

"बीट," तो म्हणतो. "सूप करत होतो."

मारिका, नियम ठाऊक आहे तुला.
दोनदा घोळणा फुटला की फवारा बंद,
फवारा बंद की गुरुवार बंद.
आणि एरवी कोण विचारतं याला
रात्री किती वाजता जाग आली,
डावी नाकपुडी की उजवी?

मी टॉर्च उचलते. "मान मागे."
आत खपली, ताजी.
श्वासाला कॉफीचा वास. बीटाचा नाही.

लिहिते: रक्तस्राव, मध्यम. औषधाशी संबंध: शक्य.
फवारा: बंद.
शेवटच्या रकान्यात नियमानं फोन पुरतो, चार आठवडे.
मी लिहिते: प्रत्यक्ष तपासणी.
गुरुवार, साडेनऊ.

"आणि खोडरबर," मी म्हणते, "घरी ठेवा."