जनरल रजिस्टर, भाग दोन

वादळाला नाव होतं, कुणीतरी ठेवलेलं.
जन्मलं म्हणे लांब, पूर्वेच्या समुद्रावर.
आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेला एकच माणूस,
पोपटराव, तोही ट्रकच्या काचेतून.
जमिनीवर आलं की वादळ विरतं, रेडिओ म्हणाला.
विरलं खरं.
तेरणेच्या काठी, आमच्याच डोक्यावर
तीन रात्री विरत बसलं.

पाणी ओसरल्यावर दुकानात सापडली
फक्त इस्त्री.
पितळेची, बापाच्या वेळची, सात किलोची;
तिला कुठं जायची घाई नव्हती.
लोकांचे एकेचाळीस कपडे गेले,
भोसग्यांच्या पोराचा लग्नाचा कोट गेला.
तलाठीबाईंनी भिंतीचा फोटो काढला,
मला भिंतीशेजारी उभं केलं,
म्हणाल्या, दुसऱ्याचे कपडे
तुमच्या नुकसानीत कसे धरू, मावशी?
मी म्हटलं, मग कुणाच्या धरता?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आठव्या दिवशी बिराजदार गुरुजी आले
छातीशी काहीतरी धरून, तान्हं धरल्यासारखं.
खालून पाणी गळत होतं.
याच्यावाचून दाखला नाही,
दाखल्यावाचून आधार नाही,
आधारावाचून मदत नाही.
पानं चिकटायला लागलीत, निलावती.
इस्त्री फिरवशील?

लाईट नव्हतीच. कोळसा हॉटेलवाल्या मस्तानने दिला.
पानावर जुनं धोतर, धोतरावर इस्त्री.
चर्र. वाफ. गाळाचा वास,
त्याखाली कुठंतरी डिंकाचा.
जुनी काळी शाई जागची हलली नव्हती.
शेवटी शेवटी जेलपेनानं लिहिलेली पोरं मात्र
निळी होऊन पानभर पसरलेली.
गुरुजी आठवून आठवून
त्यांची नावं कडेला शिसपेन्सिलीनं लिहीत होते.
जन्मतारीख बहुतेकांची एकच, एक जून.

मधल्या एका शिवणीतून माती निघाली, वेगळीच,
पांढरी. नदीची नव्हे.
त्र्याण्णवची.
तेव्हा हेच रजिस्टर दगडाखालून काढलं होतं.
तेव्हा झटकलं होतं, आता पिळावं लागलं.
त्या पानावर लाल रेघा.
शाळा सोडल्याचं कारण: मयत. मयत.
खाली नुसतं 'वरीलप्रमाणे'.
गुरुजी उठून बाहेर जाऊन उभे राहिले.
मी इस्त्री जरा निवू दिली
अन् मग फिरवली.

पुढच्या पानावर मी.
परीट निलावती ग्यानबा, इयत्ता चौथी.
कारण: सततची गैरहजेरी.
वाचायला मला वेळ लागला.
त्या साली आम्ही पत्र्याच्या शेडात,
धाकटा माझ्या कडेवर,
अन् मी दुधाच्या पावडरीच्या रांगेत.
रोज. सकाळी सातपासून.
गैरहजर कुठं होते?

गुरुजी, हे खोडता येतं का?
नाही गं, सरकारी आहे.

मग ते पानही वाळवलं.
कोपऱ्याला इस्त्रीच्या टोकाचा
तपकिरी डाग राहिला.
मुद्दाम नाही केलं.
गुरुजींनी पाहिलं,
शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही,
पान उलटलं.