वाढीव जागा

वीसच्या चाळीस झाल्या जागा,
तेव्हा वर्ग हलवला वेंगुर्ल्यातल्या
काजूच्या एका बंद कारखान्यात.
खुर्च्या आल्या तीस.
दहाजणी बसतात सोलणीच्या पाटांवर,
भिंतींना अजून भाजक्या टरफलांचा वास.

डमी एकच. मुली तिला सुलूआत्ते म्हणतात.
डावा हात खांद्यातून निखळतो,
तरी दिवसातून चाळीस वेळा
निमूट सुई टोचून घेते.

तीनपर्यंत मी शिकवते.
आठला वॉर्डात : अठ्ठेचाळीस खाटा,
मी, आणि झाडूवाली शेवंता.
बावीस वर्षं अशाच रात्री,
बाळंतिणीला ‘सोस गो बाय, इलंय’ म्हणत
साप चावलेल्याकडे धावायचं.
मंजूर पदं नऊ, भरलेली तीन.
हे गणित मी फळ्यावर कधी मांडलं नाही.

हजेरीचं यंत्र आलं.
नाझनीन होडेकरचा अंगठा लागला,
रेशल फर्नांडिसचा लागला,
दर्शना गिरपला ते म्हणत राहिलं :
पुन्हा प्रयत्न करा.
‘बाई, माज्या बोटांका रेघोच नाय.’
दर सुट्टीत आईशेजारी बसून फोडलेले काजू,
चिकानं खाल्लेली टोकं.
तिची हजेरी मी पेनानं लिहिते.

नाडी मोजायच्या दिवशीही
तिला काही लागेना.
बाकीच्या आकडे सांगून मोकळ्या झाल्या.
ही म्हाताऱ्या तांडेलाच्या खाटेशी तशीच,
मग टोकं सोडून बोटांची मधली पेरं टेकवली.
‘चौऱ्याऐंशी,’ म्हणाली. ‘पण मधीच एक चुकता.’
मी हात लावला.
चुकत होता.

गेल्या तुकडीतल्या वीसजणी :
आठ गोव्यात, सात मुंबईला, चौघी कुवेतला.
इथं एक, तीही कंत्राटावर.
मी कुणाला अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवू?
मोठे साहेब आले, म्हणाले, साठ जमतील का?
म्हटलं, पाट आहेत.

काल दर्शनानं विचारलं,
‘रात्री दोघांनी एकदम हाक मारली
तर पयला खंय जावचा?’
‘जो हाकच मारीत नाय, तेच्याकडे.’
तिनं ते वहीत उतरवून घेतलं.
वह्या तपासताना आज दिसलं,
खाली बारीक अक्षरात
पेन्सिलीनं :
दुसरी सिस्टर कुठे होती?