बोटघरावरची यादी

दारावर यादी लावली ती मीच.
तोर्शाव्हनच्या शर्यतीला अठरा दिवस उरले होते.

फुटबॉल नाही.
होग्नीच्या मोटारसायकलवर मागे बसणं नाही.
कड्यावर मेंढ्यांमागे धावणं नाही,
ज्याच्या मेंढ्या त्यानं बघाव्या.
धक्क्यावरून उड्या नाहीत.
ओहोटीला तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीनं
कुणीतरी विचारलेलं:
आणि श्वास?
अक्षर बिरीताचं असावं,
ती प्रश्नचिन्हाखाली टिंब देत नाही.
मी उत्तर लिहिलं नाही.
खरं तर सुचलं नाही.

सहा वल्ही, एक सुकाणू.
एकीचा अंगठा दुखावला
की बोट फिरत राहते जागच्या जागी
दाव्याला बांधलेल्या मेंढीसारखी.
हे मी दर उन्हाळ्यात सांगतो:
हात तुझा असेल, वल्हं सगळ्यांचं आहे.
आणि दर उन्हाळ्यात त्या मान डोलावतात,
घरी आईसमोर डोलावतात तशीच.

जुलैत आमच्या सांडोयवर रात्र येते
ती फक्त घड्याळापुरती.
साडेअकरा वाजता मी ताटल्या विसळत होतो.
खिडकीतून धक्का दिसतो.
धक्क्यावर सहा जणी.
पाणी उतरलेलं, दगडांवर
काळ्या शेवाळाचा हातभर रुंद पट्टा उघडा.

सपाता घालून धावलो.
हातातला स्पंज हातातच.
तोवर बार्बा डोकं खाली करून गेलीही,
मग सुनवोर, मग दोघी हात धरून,
मग कोण ते कळलं नाही.
मी डोकी मोजली.
पाच.
पुन्हा मोजली.
पाच.
स्पंजातलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं.

सहावी वर आली ती पार नांगरलेल्या बोटीपाशी,
तुरिद,
केसांत मूठभर शेवाळ,
आणि हसत होती.

मग मी बोललो.
गुडघ्यातल्या स्नायुबंधांबद्दल बोललो,
केक विकून घेतलेल्या नव्या वल्ह्यांबद्दल,
त्यांच्या आयांना मी दिलेल्या शब्दाबद्दल.
ओरडता ओरडता आवाज चिरका झाला.
त्या शिडीनं वर आल्या, ओठ निळे,
आणि एका ओळीत उभ्या राहिल्या,
बोटीत बसतात त्याच क्रमानं.
कुणी सांगितलं नव्हतं.
दात वाजत होते सहा जणींचे
एका तालात.
मे महिन्यापासून
मी हाच ताल मागत होतो.

रान्वा म्हणाली, मार्युनचं मनगट मुरगळलं
ते कुठे?
मी म्हणालो, व्यायामशाळेत.
वजन कुणी वाढवलं होतं?
मी म्हणालो, ते वेगळं.
वेगळं कसं, ते सांगायला तोंड उघडलं
आणि थंड वारा आत गेला.
टॉवेल घ्या, म्हणालो. घरी जा.
त्या गेल्या. वळणापर्यंत गप्प,
वळणापलीकडे पुन्हा तेच खिदळणं.

झोप नाही लागली.
पुढच्या ओहोटीला, दुपारी,
त्या शाळेच्या मैदानावर ताण देत असताना
मी एक जुनं वल्हं घेऊन धक्क्यावर गेलो.
पाण्यात उभं सोडलं.
तळ लागला तेव्हा मूठसुद्धा बुडाली होती,
मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातलेला.
पुरेसं आहे.
उजवीकडे पुरेसं आहे.

डावीकडे वल्हं मध्येच अडलं.
दगड. वासराएवढा, वर शेवाळ,
वरून पाहाल तर पाणीच वाटेल.
मी त्याला टोचत राहिलो मूर्खासारखा.
मग आठवलं, याला आम्ही म्हातारी म्हणायचो.
म्हातारीला सोडून उडी, असं ओरडायचो
आणि जायचो.

काल कुणीच डावीकडे गेलं नव्हतं.
हात धरून गेलेल्या त्या दोघीही
जाताना अर्धं पाऊल सरकल्या होत्या उजवीकडे.
तेव्हा मला तो नखरा वाटला.

यादी अजून दारावर आहे.
टाचण्या गंजू लागल्यात.
शर्यतीला सतरा दिवस.